स्वखुशीचं पाऊल

॥ श्री ॥

संगमेश्वर,
१८ मे २००३

चि. काशीराम यास,
ताईचे अ. उ. आ. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. तुम्हा मामा-भाच्यांची खुशाली रोज देवाकडे मागते, पण देव टपालाने कळवत नाही, म्हणून तुम्ही कळवत जा.

तुझं एप्रिलचं पत्र पोचलं. हवालदार झालास तरी अक्षर काही सुधारलं नाही. 'थंडी' हा शब्द वाचायला मला दोनदा चष्मा पुसावा लागला. आंबा यंदा उशिरा हाती आला, फणस मात्र एवढे लागलेत की आता गुरंही तोंड फिरवतात. विनीतचे बाबा शिमग्याला आले, पालखी नाचवली आणि मुंबईला गेले. आता गणपतीला येतील. मध्ये मी माहेरी, तुझ्या सावर्ड्याच्या घरी दोन दिवस राहून आले. तुझी पोरं छान आहेत. धाकटीचे पुढचे दोन दात पडलेत आणि ते बाबांना टपालाने पाठवायचे म्हणून ती हटून बसली आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. विनीतचं पत्र आलं. त्यात लिहितो, की तुमच्या छावणीत डॉक्टर आलेत. डोंगरावरच्या विरळ हवेत माणूस आजारी पडू नये म्हणून नवी गोळी निघाली आहे, ती जवानांना देऊन बघायची आहे, त्यासाठी पोरांची नावं मागताहेत. आणि खाली लिहितो, की मामा सांगेल तसं करीन.

तर मामाने काय सांगायचं ते मी सांगते. माझ्या पोराचं नाव त्यात येता कामा नये. त्याच्या आधीची दोन माझ्या पदरात टिकली नाहीत. दुसरीला तर तूच हातावर घेऊन नदीकडे गेला होतास, तुला वेगळं काय सांगू? लढाईत जायचं तर जाईल, त्यासाठीच भरती झाला. पण गोळ्या खाऊन बघायला मी त्याला धाडलेलं नाही. हे तुझ्या हातात नाही असं मला लिहू नकोस. तू त्याचा हवालदार आहेस आणि मामाही आहेस. काय करायचं ते कर, कसं केलंस ते मला सांगू नकोस.

आंबोशी आणि आमसुलं रजेवरून परतणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवते. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
गोदाताई

*

मार्फत ५६ ए.पी.ओ.
४ जून २००३

ती. गोदाताईस,
काशीरामाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं काम झालं. हे पहिल्याच ओळीत लिहितो, म्हणजे पुढचं सावकाश वाचशील. धाकटीचे दात पाठवू नका, इथे आमच्या जेवणात खडे पुरेसे असतात.

ताई, डॉक्टर मेजर साहेब माणूस भला आहे. त्यांनी सगळ्यांना बसवून समजावलं, की निम्म्या पोरांना खरी गोळी मिळेल, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी. कुणाला कुठली, हे काम संपेपर्यंत त्यांनाही कळणार नाही, तरच गोळीचा खरा गुण कळतो. मधून मधून रक्त घेणार, वजन करणार, नळीत फुंकायला लावणार. नाही म्हटलं तरी कुणाचं काही बिघडणार नाही, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. मी वरची हवा पाहिलेली आहे. मागच्या खेपेला माझ्या शेजारी झोपणारा धडधाकट गडी तिथे छातीत पाणी होऊन गेला. असली गोळी मिळाली तर कित्येकांच्या आया रडायच्या वाचतील. मीच नाव दिलं असतं, पण त्यांना तिशीच्या आतले हवेत.

पण पलटणीतली स्वखुशी कशी असते ते तुला ठाऊक नाही. डॉक्टर साहेब तंबूत गेले आणि आमचे सुभेदार साहेब म्हणाले, की आपल्या कंपनीतून वीस नावं कमी पडली तर मान खाली जाईल. मग पोरांना रांगेत उभं केलं आणि ज्याची इच्छा असेल त्याने एक पाऊल पुढे यावं असं सांगितलं. आता दोन्ही बाजूंचे पुढे गेले की मधल्याची इच्छा आपोआप होते.

विनीतला मी सकाळीच रॉकेल आणायला खालच्या डेपोवर धाडला होता. तो रांगेत नव्हताच, म्हणजे प्रश्नच आला नाही. इकडे एकोणीस झाले आणि गाडं अडलं. सुभेदार साहेब माझ्या तोंडाकडे बघायला लागले. समोर आपल्या सावर्ड्याचा रघू होता, सावित्रीवहिनींचा. मी त्याच्याकडे पाहिलं. तोंडातून शब्दही काढला नाही, नुसतं पाहिलं. तो हसला आणि पुढे आला.

विनीत दुपारी आला तो रॉकेल पॅन्टवर सांडलं म्हणून माझ्यावरच चिडत. त्याला यातलं काही माहीत नाही, तूही कळवू नकोस. कसं केलं ते सांगू नको म्हणाली होतीस, पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला घास गोड लागेना.

अक्षराला नावं ठेवत का होईना, लोभ चालू ठेवावा.

तुझा,
काशीराम

*

॥ श्री ॥

संगमेश्वर,
२७ जून २००३

चि. काशीराम यास,
ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि आधी देवीला नारळ दिला. रात्री पोटभर जेवले. ते तसंच लिहायला हवं, म्हणून लिहिते.

नंतर भाताच्या तरव्याच्या कामाला मदत म्हणून तुझ्याकडे सावर्ड्याला गेले होते. बाजारात सावित्री भेटली. तिने मला लांबून हाक मारली, हात धरून सगळ्यांच्या देखत सांगितलं, की रघूचं पत्र आलंय, डॉक्टरांच्या कुठल्याशा मोठ्या कामासाठी त्याची निवड झाली आणि ती काशीरामभाऊंनी केली. मासे विकणाऱ्या बायकाही ऐकत होत्या. मी मान हलवली. मग तिने पिशवीतून कुळीथ काढले, घरचे, निवडून वाळवलेले, आणि म्हणाली, की भाऊंना पाठवा, पलटणीत त्यांनी माझ्या पोरावर लक्ष ठेवलंय.

काशीराम, ते कुळीथ मी घरी आणलेत. डब्यात घालून फळीवर ठेवलेत. तुला पाठवायला धजत नाही आणि शिजवले तर घशाखाली उतरायचे नाहीत. मी माझं पोर मागितलं होतं, तिचं दे असं म्हटलं नव्हतं. पण वीस हवे असताना एक काढला तर दुसरा कुणाचा तरी लागणारच, एवढं कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही.

रघूला काही होऊ नये. त्याला जप. लोभ कर, पण जरा त्याच्यावर जास्त कर.

तुझी,
गोदाताई

*

मार्फत ५६ ए.पी.ओ.
११ ऑगस्ट २००३

ती. ताईस,
शि. सा. न.

विनीत ठीक आहे. मी ठीक आहे. रघू जिवंत आहे.

आम्ही वर चढलो. जागेचं नाव लिहायची परवानगी नाही. रघूला तिसऱ्या दिवशी खोकला लागला, त्याने तो दाबून ठेवला. गोळी घेतोय म्हणजे आपल्याला काही होणार नाही असं त्याच्या मनाने घेतलं होतं. पाचव्या दिवशी ओठ निळे पडले, तोंडाला फेस आला. डॉक्टरांची माणसं जवळ होती म्हणून प्राणवायू लगेच लागला. हवा उघडली तसं हेलिकॉप्टर आलं आणि त्याला खाली मोठ्या इस्पितळात नेलं. छातीत पाणी झालं होतं. आता धोका टळला म्हणतात.

त्याच्यापुरतं गुपित उघडून पाहिलं तर त्याची गोळी रिकामी निघाली. डॉक्टर साहेब म्हणाले, की तो या कामात नसता तरीही हे होऊ शकलं असतं, कुणाला बाधेल ते सांगता येत नाही. त्यांचं खरं असेल. पण गोळी नसती तर त्याने खोकला लपवला नसता, हे मला कळतं आणि त्यांनाही कळत असावं.

त्यांनी मला तंबूत बोलावून विचारलं, की हा मुलगा स्वतःच्या मर्जीने आला होता ना, कुणी भरीस घातलं नव्हतं ना? मी सावधान उभा राहून म्हणालो, की स्वखुशीने आला, साहेब. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी साहेबाशी खोटं बोललो नव्हतो. हेही खोटं आहे असं कुणी सिद्ध करू शकणार नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतोय.

विनीतला रॉकेलचं सगळं समजलंय. आता तो मला मामा म्हणत नाही. एकांतातसुद्धा सलाम ठोकून हवालदार साहेब म्हणतो.

लोभ ठेव असं कोणत्या तोंडाने लिहू?

काशीराम

*

मार्फत ५६ ए.पी.ओ.
२४ ऑगस्ट २००३

ती. आईस,
विनीतचा सा. न. वि. वि.

माझी तब्येत चांगली आहे. गणपतीला बाबा घरी येतील, त्यांना नमस्कार सांग. आरतीला माझ्या वाटणीच्या झांजा कुणी वाजवायच्या ते तुम्ही ठरवा.

आई, मी चिडलो आहे आणि ते लपवत नाही. पोरांनी माझं नाव 'रॉकेल' ठेवलंय. डबा वाजला की सगळे माझ्याकडे बघून हसतात. आधी मलाच कळेना का ते. मग एकाने सांगितलं, की रांग लागली तेव्हा भाचा रॉकेलला आणि रघू पुढे. मामाला गाठून विचारलं, तेव्हा तुझ्या पत्राचंही कळलं.

मी त्या रांगेत असतो तर पुढे गेलो असतो की नाही, मला ठाऊक नाही. कदाचित घाबरून मागेच राहिलो असतो. पण ते माझं मला कळलं असतं. मामा सांगेल तसं करीन हे मी लिहिलं ती माझीही चूकच. बावीस वर्षांचा घोडा झालो, तरी माझ्या अंगाचं काय करायचं ते तुम्ही दोघांनी टपालाने ठरवलंत.

आणखी एक गोष्ट आहे, ती मामालाही माहीत नाही. रघूला खोकला लागलाय हे मला चौथ्या दिवशी कळलं होतं. त्याने माझा हात धरून सांगितलं, की कुणाला बोलू नकोस, हवालदार साहेबांना वाटेल मी मागे हटलो, त्यांनी मला निवडलंय. मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी त्याला स्ट्रेचरवरून नेताना त्याचं डोकं माझ्या हातात होतं. मामावर चिडतो तेव्हा हे आठवतं आणि मग नीट चिडताही येत नाही.

आता याहून उंच टप्प्याला जायचं आहे आणि डॉक्टर पुन्हा नावं मागणार आहेत. या वेळी मी रांगेत असेन. तू मामाला माझ्याबद्दल एक अक्षर लिहू नकोस, एवढंच मागतो. लोभ कमी कर असं म्हणत नाही, पण तो माझ्या आड येऊ देऊ नकोस.

तुझा,
विनीत

*

॥ श्री ॥

संगमेश्वर,
१७ सप्टेंबर २००३

चि. काशीराम यास,
ताईचे आशीर्वाद.

विनीतविषयी या पत्रात एक अक्षर नाही, त्याने तसं बजावलंय. हे पत्र रघूविषयी आहे.

गौरी-गणपती आटोपले तशी मी सावर्ड्याला गेले आणि थेट सावित्रीच्या पडवीत जाऊन बसले. तिला सगळं सांगितलं. मी तुला काय लिहिलं, तू विनीतला कुठे धाडलंस, मग रघूकडे कसं पाहिलंस, सगळं. वाटलं होतं, ती मला उठून जा म्हणेल. तशी तयारी करूनच गेले होते, चपला पायरीशी उलट्या फिरवून ठेवल्या होत्या.

ती सुपातले तांदूळ निवडत राहिली. तांदूळ निवडून झाले तेव्हा म्हणाली, की मला आधी कळलं असतं तर मीही तुमच्यासारखंच पत्र लिहिलं असतं. पण लिहिणार कुणाला? माझ्या पोराला पलटणीत मामा नाही.

एवढंच म्हणाली आणि मला चहा केला. तो मी प्याले, काशीराम.

तू त्या डॉक्टरांकडे जा आणि खरं सांग. तुझ्या शिक्षेचं काय व्हायचं ते होवो. मग रघूकडे जा. तू शब्द काढला नाहीस हे मला पुन्हा लिहू नकोस. लहानपणी बाबा नुसते बघायचे आणि आपण दोघं ताटावरून उठायचो, ते विसरलास काय? माझा दोष मी सावित्रीच्या पडवीत ठेवून आले. तुझा तू ठेव, मग लोभाचं बोलू.

गोदाताई

*

मार्फत ५६ ए.पी.ओ.
१४ ऑक्टोबर २००३

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गेलो. सांगितलं. बाबांच्या नजरेचंही सांगितलं, कारण साहेबांना आधी कळेचना की मी केलं तरी काय. मग कळलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते डोक्याला हात लावून बसले आणि म्हणाले, की या सगळ्या कामात पहिली अट हीच आहे, की माणूस आपणहून यावा, आणि तीच आपण पोरांना रांगेत उभं करून मोडली. मी 'आपण' ऐकलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी पद्धत बदलून घेतली. आता रांग नाही, पाऊल नाही. एकेकाने तंबूत जायचं, आत फक्त डॉक्टर. हो म्हणा, नाही म्हणा, प्रत्येकाने तेवढाच वेळ बसून बाहेर यायचं, आणि कुणी कुणाला विचारायचं नाही. आमच्यासारख्या दंडावर पट्टी असलेल्यांना त्या दिवशी लंगरच्या मागे बटाटे सोलायला बसवलं, तंबूकडे पाठ करून. सुभेदार साहेब माझ्याशी कामापुरतं बोलतात. यंदा बढतीसाठी माझं नाव जायचं होतं, ते गेलं की राहिलं, विचारलेलं नाही.

साहेबांनीच दोन दिवसांची परवानगी काढून दिली, म्हणून रघूला भेटून आलो. हाडं वर आलीत. मी त्याच्या खाटेशी बसून म्हणालो, की रघू, तुला नाही म्हणता येत होतं, आणि मी तुझ्याकडे पाहिलं ते विनीतला वाचवून पाहिलं. ते ऐकून तो चादरीची दशी ओढत राहिला. मग म्हणाला, की मला वाटलं, एवढ्यांतून तुम्ही माझ्याकडे पाहिलंत म्हणजे मला आपला मानलंत. मी आईला तसं लिहिलंसुद्धा.

ताई, त्याने मला शिवी द्यायला हवी होती. मी त्याच्या पायाला हात लावायला गेलो तर पाय आखडून घेतले, म्हणाला, की हवालदार साहेब, असं करू नका, इथे सगळे बघताहेत. त्याची वैद्यकीय कॅटेगरी उतरली आहे. आता उंचावर जाता यायचं नाही, खाली स्टोअरमध्ये ठेवतील. दिवाळीनंतर त्याला आजारपणाची रजा मिळेल.

विनीतही तंबूत गेला होता. त्याने काय सांगितलं मला ठाऊक नाही. मी बटाटे सोलत होतो. हे लिहिलं तर चालेल असं त्यानेच सांगितलं, आणि सांगताना चुकून मामा म्हणाला.

लोभाचा विषय मी काढत नाही. तू काढशील तेव्हा.

तुझा,
काशीराम

*

॥ श्री ॥

संगमेश्वर,
९ नोव्हेंबर २००३

चि. विनीत यास,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रघू आपल्याकडे आला होता. आधी कळवलं नव्हतं. मी खळ्यात भात वाळत घालत होते, तर खालून पाखाडीच्या पायऱ्या चढताना दिसला. तुम्ही पोरं ती पाखाडी उड्या मारत चढायचात. तो मध्ये थांबला, कातळाला हात टेकून उभा राहिला, मग पुन्हा चढला, पुन्हा थांबला. मी हाक मारणार होते, पण त्याला वाटलं असतं मी मोजतेय, म्हणून मान खाली घालून भात पसरत राहिले. तो वर आला तेव्हा आत्ताच दिसल्यासारखं केलं. त्याला ते कळलं असावं.

तो पाया पडायला वाकला, मी पडू दिलं नाही. जेवायला काय करू विचारलं तर म्हणाला, की गरम भात आणि कुळथाची पिठी. अरे, घरात दुसरे कुळीथ नव्हते. फळीवरचा डबा काढला. त्याच्या आईने मामासाठी दिलेले ते जूनपासून तसेच होते. भाजले, दळले आणि त्याला वाढले. म्हटलं, हे तुझ्याच घरचे आहेत, तुझ्या आईने दिले होते, आम्हाला खायचं तोंड नव्हतं. तो म्हणाला, की तरीच चव ओळखीची लागतेय, आणि आणखी मागून घेतली. मग मलाही ताट घ्यायला लावलं. मी जेवले. आज तुझ्या मामालाही उरलेले कुळीथ पाठवतेय, पुडी वेगळी बांधली आहे.

जेवण झाल्यावर त्याने सांगितलं, की त्यालाही डॉक्टरांनी पुन्हा विचारलं होतं. आजवर घेतलेलं त्याचं रक्त, त्याचे आकडे कामात ठेवायचे की काढून टाकायचे? काढा म्हणाला असता तर काढले असते. त्याने दोन दिवस मागून घेतले, कुणाला विचारलं नाही, आईलाही लिहिलं नाही, आणि मग ठेवा म्हणाला. पुढच्या कुणाचा खोकला तरी लवकर ओळखतील, असं त्याला वाटलं. ते सांगताना त्याचा चेहरा तुझ्या मामाने सांगितला त्याहून निराळा होता.

तू खोकल्याबद्दल गप्प बसलास ते तू त्याला सांगितलंस, हे त्याच्याकडूनच कळलं. तुझ्यावर तो रागावला होता, आता नाही. मामाबद्दल त्याने काही म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही.

निघताना तो पायरीवर थबकला. म्हणाला, की काकी, विनीतने तंबूत काय सांगितलं ते त्याने मला कळवलंय, तुम्हाला ऐकायचं असेल तर सांगतो. विनीत, माझी अवस्था काय झाली असेल ते तूच समज. वर तू कुठली गोळी खातोयस की नाही खात, एका शब्दाचं काम होतं.

मी त्याला म्हटलं, की सांगू नकोस. आता माझ्याही पोराला पलटणीत मामा नाही.

तो हळूहळू पाखाडी उतरून गेला. उतरताना कुठे थांबला नाही, हे बघून मी आत आले आणि पोटभर रडले.

थंडीत कानाला गुंडाळून बाहेर पड. खोकला आला तर पहिल्यांदा सांग, कुणालाही सांग, पण सांग. लोभ असावा हे आजवर मी सवयीने लिहीत आले. आज तुझ्याकडे मागते, तुझ्या मर्जीने दिलास तर दे.

तुझी,
आई